झाडाला पाणी कोण घालणार

मी बुऱ्हाणपूर सोडलं त्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, स्टेशनावर आले नाहीत. जसोंडी गावच्या आमच्या मळ्यात नेमकी सकाळी लाइट आली होती आणि केळीला पाणी सोडलेलं होतं. तेव्हा आमच्याकडे ठिबक नव्हतं. एक वाफा भरला की फावड्याने पाणी पुढच्यात वळवायचं. माणूस जागचा हलला की पाणी वाया. मी मळ्यातच त्यांच्या पाया पडलो. माझ्या नव्या शर्टाला चिखल लागू नये म्हणून त्यांनी हात वर धरले होते. "जाय. पोचला की फोन कर," एवढंच म्हणाले. गाडी हलली तेव्हा आई खिडकीचा गज धरून चालत होती. "वाईट वाटून घेऊ नको बेटा. झाडाले पाणी तर द्याच लागतं."

मला वाईट वाटलं नव्हतं. आमच्या भाऊबंदांत लग्न असो, बारसं असो, हे कारण सांगितलं की समोरचा गप्प बसायचा. कारण ते खरं असायचं.

आता मी टोरांटोजवळ राहतो. इरा, माझी मुलगी, शाळेत जायला लागली तेव्हापासून आमच्या घरात डिसेंबरात ख्रिसमसचं झाड येतं. ते खरं आणायचं की प्लास्टिकचं, यावर दरवर्षी चर्चा. माधवी, माझी बायको, म्हणते, प्लास्टिकचं घ्या, एकदाच काय ते, कार्पेटमधून सुया तरी वेचायला नकोत. मी नेहमी खऱ्याच्या बाजूने. फरचा वास, मी शेतकऱ्याचा मुलगा, प्लास्टिकचं झाड माझ्या दारात नको, असं बरंच बोलायचो. त्यातलं अगदीच काही खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं.

तोडलेलं झाड एका स्टँडमध्ये उभं करतात. त्यात पाणी असतं आणि ते रोज घालावं लागतं, नाहीतर झाड वाळतं. म्हणजे घर सोडून जाता येत नाही. आणि आम्हा तिघांना एकत्र सुट्टी मिळते ती डिसेंबरातली तेवढीच.

दादा गेले, आई बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्याच्या घरात एकटी राहिली. पुढच्या डिसेंबरात तिने फोनवर विचारलं, "सुट्टीत येतो का?" मी म्हणालो, "झाड आणलंय आई. पाणी घालायला मागे कोणी नाही." ती लगेच म्हणाली, "मंग कसं येशीन. राहू दे." आवाजात तक्रार नव्हती. तिचा सगळा संसार केळीच्या पाण्यावर झालेला. या कारणावर ती काही विचारणार नाही, हे मला माहीत होतं. शेजाऱ्याला किल्ली दिली असती तर त्याने आनंदाने पाणी घातलं असतं, हेही माहीत होतं.

मला जायचं नव्हतं, हे आज लिहितो. त्या घरात दुसऱ्या दिवशीच मी कंटाळतो. आई प्रत्येक खोलीत मागे मागे येते, खाल्लं का, झोपलास का, आणि मला चीड येते. मग चीड आल्याची लाज वाटते. निघायच्या आदल्या दिवशी ती बोलायचीच बंद होते. हे सगळं पुन्हा नको वाटायचं. थकतो माणूस. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर गेले, त्यांना कळेल. जे मागे राहिले, त्यांनी समजून घ्यावं असं मी म्हणत नाही.

जानेवारीत तिने झाडाची चौकशी केली. मी ते आदल्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला ठेवलं होतं. पण एवढं पाणी पाजून फेकलं, हे तिला कसं सांगणार? "मागे अंगणात लावलं," म्हणालो. मग दर जानेवारीत फोनवर एक झाड लागत गेलं. ती सांगायची, "दोघांत अंतर ठेवजो. सावली पडली तर वाढत नाहीत." गल्लीतल्या बायकांना सांगायची, पोराने तिकडे बर्फात बाग केली. जैनाबादचा मामेभाऊ एकदा फोनवर हसत म्हणाला, "काय रे बागवान, आमच्यासाठी एखादं रोप पाठव की."

यंदा आम्ही दुकानात उभे होतो. एका बाजूला खोकी, बाहेर जाळीत बांधलेली खरी झाडं. इराचं शाळेचं शेवटचं वर्ष. ती एका खोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, हे घेतलं तर आजीकडे जाता येईल ना? याला वॉटरिंग नको." टोमणा नव्हता. तिने इतकी वर्षं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी खोकं उचललं.

फोनवर आईला सांगितलं, यंदा झाड प्लास्टिकचं आहे, आम्ही येतोय. तिला आनंद झाला, आणि लगेच काळजी. "अन् अंगणातली? त्याहिले पाणी कोण घालीन?"

बर्फात पाणी लागत नाही, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"अंगणात झाडं नाहीत आई. एकही लावलं नाही. तोडलेलं झाड लागतच नाही."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"तोडलेलं लागत नाही, हे मले माहीत नाही का रे," ती म्हणाली. "मी म्हटलं, तिकडची जात वेगळी असीन."

मग गाडी कितीला पोचते, इरा तिखट खाते का, गाद्या उन्हात टाकायच्या आहेत, असं तिचं सुरू झालं. माझं घर कोणतं, असं इथे लोक विचारतात तेव्हा मी आजवर पत्ता सांगत आलो. आता वाटतं, जिथे माझं खोटं इतकी वर्षं कोणी सांभाळून ठेवलं, तेच असावं.

"तुम्ही रिक्षा करू नका," शेवटी ती म्हणाली. "स्टेशनावर मी येते. मले कुठे पाणी द्यायचं आहे?"