हटवार सर आणि उंदराचं अनेकवचन

पवनीच्या आमच्या कॉलेजात चार जण चहाला बसले की हटवार सरांचा विषय निघतोच, आणि दरवेळी कोणीतरी नवीन किस्सा घेऊन येतं. सर प्राणिशास्त्र शिकवतात. माणूस सोन्यासारखा, पण भारी संशयी. मी संस्कृतची बाई, त्यांच्या शेजारच्याच टेबलावर. त्यामुळे बरंचसं माझ्यासमोरच घडलं.

*

आसगावच्या वैशालीने पेपरात उंदराचं लॅटिन नाव 'मुस' लिहिलं आणि अनेकवचन 'मुरेस'. सरांनी मार्कच रोखले.

"स चा र कसा झाला? कोणाचं पाहून लिहिलं?"

"सर, दोन स्वरांच्या मधात आला का लॅटिनमध्ये स चा र होते. लायब्ररीत डिक्शनरी पाहिली."

"लायब्ररीत? तू कायले गेली होती?"

पोरगी रडवेली झाली. सरांनी तिला तिथेच विभक्त्या म्हणायला लावल्या. 'मुस, मुरिस, मुरी, मुरेम...' ती कुठेही अडली नाही. मार्क मिळाले. वर सर म्हणाले, "हुशार आहेस. आता तुह्यावर जास्त लक्ष ठेवा लागन."

*

त्याच सुमारास सरांच्या ड्रॉवरमधून तिळाचे लाडू गायब होत होते. मला हे माहीत नव्हतं. मी सहज म्हटलं, "सर, हा 'मुस' आणि आपला मूषक एकाच घरातले. संस्कृतात मुष् म्हणजे चोरणं."

सरांनी ड्रॉवरला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. "मॅडम, मी तर अजून कोणाचं नावच नव्हतं घेतलं."

*

पुढे सर उंदीर पकडायला वैशालीच्याच शेतात गेले. धानाच्या बांधीत पिंजरे लावले, प्रत्येकावर लॅटिन नावाची चिठ्ठी. तिचे वडील जवळ आले.

"साहेब, उंदीर आमचा, धान आमचं. मंग नाव काहून बाहेरचं लिहून राहिले? उद्या सरकार म्हणन, नुकसान विदेशी उंदरानं केलं, भरपाई भेटत नाही."

आपल्यापेक्षा संशयी माणूस सरांना पहिल्यांदाच भेटला. दोघं शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच बसून कितीतरी वेळ बोलत राहिले.

*

पिंजरे उचलून सरांचा दंड दुखावला. हटवार वहिनी त्यांना भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी हात पाहिला. "मसल ओढला गेला."

"डॉक्टर, मसल म्हणजे मूळ लॅटिनमध्ये लहानसा उंदीर," सर म्हणाले. "हात दुमडला का कातडीच्या खाली पळते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि वहिनींना हळूच विचारलं, "हे असं कधीपासून बोलून राहिले?"

वहिनी म्हणाल्या, "उंदीर उंदीर तर रोजच करतात. पण अंगात शिरला, हे मी आजच ऐकून राहिली."