जन्मतारखेचा रकाना

लेखन हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या सहीसाठी मजकूर तयार केला. स्वतःच्या नावाने लिहिण्याचे धाडस वयाच्या अशा टप्प्यावर करीत आहे की, चुकलो तरी सांगणारे फारसे कोणी उरलेले नाही. या आधी माझे म्हणता येईल असे एकच लेखन लोकांपर्यंत पोहोचले. ते अडीच पानांचे सूचनापत्रक होते. सायक्लोस्टाइल करून ते जिल्ह्यातील शाळांना पाठवले गेले आणि त्याचा विषय होता, तक्त्यांमध्ये तारखा कशा लिहाव्यात.

एकोणीसशे छप्पन साली आमचे वऱ्हाड एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात गेले. अमरावतीच्या ज्या कार्यालयात मी कारकून होतो, तिथे त्यानंतर दोन-तीन वर्षे शाळांची जुनी रजिस्टरे एका साच्यात बसवण्याचे काम चालले. विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे तक्ते येत. जन्मतारखेच्या रकान्यात कोणी तिथी लिहिलेली असे, कोणी नुसते वय, कोणी आधी महिना आणि मग दिवस. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका मास्तरांनी तर एका मुलापुढे ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैल हरवला ते साल’ असे प्रामाणिकपणे लिहून पाठवले होते. असे तक्ते एकमेकांशी जुळवणे अशक्य होते. साहेबांनी मला बोलावून सांगितले, “तुमची भाषा चांगली आहे. एक सूचनापत्रक तयार करा. एकच रीत. दिवस, महिना, वर्ष.”

मी ते काम पंधरा दिवस केले, असे आज सांगताना संकोच वाटतो. अडीच पानांसाठी पंधरा दिवस! पण माझ्यासारख्या, चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या माणसाला कागदावर ठाम बोलण्याची ती पहिलीच संधी होती. मी सात सूचना लिहिल्या. तारीख आधी आकड्यांत, मग अक्षरांत लिहावी. खाडाखोड करू नये. तिथी दिली असल्यास पंचांगावरून इंग्रजी तारीख काढावी. पाचवी सूचना मला विशेष प्रिय होती. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे वद्य पक्षात उत्तरेकडच्या महिन्याचे नाव आपल्यापुढे धावते. आपला श्रावण वद्य तो त्यांचा भादों. आधीच्या राज्याचा मोठा भाग हिंदी असल्यामुळे आमच्याकडे हिंदी मुलखातून आलेली कुटुंबे आणि कागद पुष्कळ. म्हणून मी लिहिले की, हिंदी मुलखात झालेली वद्य पक्षातील नोंद आपल्या पंचांगात एक महिना मागे पाहावी. ही बाब कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. साहेब वाचताना थांबले आणि म्हणाले, “वा.” सातवी सूचना अशी होती: ‘एकदा नोंदलेली जन्मतारीख कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही विनंतीवरून बदलली जाणार नाही.’

आमच्या हेडक्लर्कना सगळे बडेबाबू म्हणत. त्यांनी मला त्या दिवसापासून पंचांगबुवा करून टाकले. “काय पंचांगबुवा, यंदा पगार कोन्या तिथीले व्हते बाप्पा?” सगळे हसत. मीही हसत असे. खरे सांगायचे तर मला ते नाव आवडू लागले होते.

घरी मी आणि माझी थोरली बहीण, एवढीच माणसे. आईवडील गेले होते. ताईचे लग्न पंधराव्या वर्षी झाले आणि सतराव्या वर्षी ती कपाळ पुसून परत आली. त्यानंतर मी शिकलो, आणि तिने स्वयंपाक केला. माझी पुस्तके मी शाळेत गेल्यावर ती वाचत असे, हे मला बऱ्याच उशिरा कळले. मला नोकरी लागल्यावर ती म्हणाली, “आता माहा नंबर.” घरी अभ्यास करून, बाहेरून बसून, ती सातवीच्या फायनलची परीक्षा पास झाली. अकोल्याला बायकांसाठी शिक्षिकेचे प्रशिक्षण होते. तिथे राहण्याची सोय होती, आणि बाहेर पडताच शाळेत नेमणूक निश्चित. अट एवढीच की, त्या वर्षीच्या एक सप्टेंबरला उमेदवाराची तिशी पूर्ण झालेली नसावी. ताईला तिसावे सरत आले होते. पुढच्या वर्षी अर्ज करण्याचा प्रश्नच नव्हता. तिने ट्रंकेला नवे कुलूप आणले. मला म्हणाली, “तू आता हातानं भाकर थापाले शिक, नाही तं बायको तरी कर.”

अर्ज आमच्याच कार्यालयामार्फत जात आणि जन्मतारखेचा तक्ता तिथेच भरला जाई; तिच्या जन्माचा दाखला मात्र कुठेच नव्हता. गावच्या शाळेच्या रजिस्टरात ‘वय सहा’ एवढेच होते. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, या रीतीमुळे ताई आईच्या माहेरी, बऱ्हाणपूरला जन्मली होती. मी नंतरचा, म्हणून इकडचा. आजोबा तिथे मास्तर होते आणि घरात घडलेल्या गोष्टी एका वहीत टिपत. ती वही मामाने पाठवली. पहिल्या पानावर इंग्रजी साल होते, आणि आत एका ओळीत: ‘भाद्रपद व. ३, सोनपावली कन्या झाली.’

बऱ्हाणपूर हा हिंदी मुलूख. नोंद वद्य पक्षातली. माझी पाचवी सूचना जणू याच ओळीसाठी लिहिली होती. मी एक महिना मागे गेलो. तारीख आली तेवीस ऑगस्ट. आपल्या पद्धतीने पाहिले असते, तर ती एकवीस सप्टेंबर आली असती. ऑगस्ट म्हणजे नऊ दिवसांनी वय उलटलेले. सप्टेंबर म्हणजे वीस दिवस हाताशी.

मी ते ताईला सांगितले, तेव्हा ती चुलीपुढे होती. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “हे चुकलं तुयं, भाऊ. माहं बारसं पित्तरपाटानं अडवलं होतं. आई नेहमी सांगे. बाराव्या दिवशी नाव नाही ठेवलं, घट बसल्यावर ठेवलं. मी राखीच्या मागं जल्मली असती, तं मधात पित्तरपाट कुठून आला?”

पितृपक्षाचा तो पंधरवडा आपल्या भाद्रपद वद्यातच येतो. तिचे म्हणणे बिनतोड होते. एवढे शिकलेल्या मला ते त्याच क्षणी कळायला हवे होते. परंतु शिकलो तसा मी घरातही पुस्तकी बोलू लागलो होतो. मी म्हणालो, “ताई, हे ऐकीव झालं. ऐकीव गोष्ट कार्यालयात चालत नाही.”

“आईचं सांगणं ऐकीव?”

“कागदोपत्री, हो.”

“मंग लिही तुले लिहाचं ते,” ती म्हणाली आणि तव्यावरची भाकर उलटली.

दुसऱ्या दिवशी बडेबाबूंनीही मला अडवले होते. “अरे, घरचं काम हाय. टाक लिहून सप्टेंबर. कोन पायते?” त्या वाक्याने माझा निश्चय उलट पक्का झाला. सगळ्या जिल्ह्याला नियम शिकवणाऱ्याने बहिणीसाठी तो वाकवावा, हे मला सहन होईना. मी तिच्या तक्त्यात, जन्मतारखेच्या रकान्यात, वळणदार अक्षरांत लिहिले: २३ ऑगस्ट; आणि खाली अक्षरांत, तेवीस. माझ्या सचोटीचा त्या दिवशी मला अभिमान वाटला होता. हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

अर्ज अकोल्याहून परत आला. ‘वयाधिक’ असा एकच शब्द त्यावर होता. ताईने तो कागद घडी करून देवळीत ठेवला. ट्रंकेचे नवे कुलूप तिने कोठीच्या दाराला लावले. त्याविषयी ती एकही शब्द बोलली नाही, आणि मी त्या गप्प राहण्याला समजूतदारपणा समजलो.

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांची वही मामाला परत पाठवायची म्हणून मी ती बांधायला घेतली. बांधण्यापूर्वी सहज चाळली. ताईच्या जन्माच्या ओळीनंतर तिसऱ्याच पानावर लिहिले होते: ‘आश्विन व. १४. पहाटे अभ्यंगस्नान. नातीची पहिली दिवाळी. फटाक्यास भ्याली नाही.’

दिवाळीतला तो दिवस आपल्याकडे आश्विनात येतो. उत्तरेकडे त्याच दिवसाला कार्तिक म्हणतात. म्हणजे आजोबा हिंदी मुलखात राहत होते, पण महिने आपलेच मोजत होते. कोणता माणूस लिहितो आहे, हे न पाहता मी फक्त तो कुठे बसून लिहितो, एवढेच पाहिले होते. ताई सप्टेंबरचीच होती. पुरावा पहिल्यापासून माझ्याच हातात होता. मी दोन पाने उलटली नव्हती.

ताईला काही न सांगता मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. प्रशिक्षणाच्या मुख्य बाई मोठ्या भल्या होत्या. त्यांनी वही वाचली; फटाक्याच्या ओळीवर हसल्याही. म्हणाल्या, “दिवाळीला घरी गेलेली एक मुलगी परत येत नाहीये, तिचं लग्न ठरलं. तिची जागा मी आठ दिवस धरून ठेवते. तुमच्या कार्यालयाचं दुरुस्तीपत्र आणा. तेवढ्या कागदावर मी घेते तुमच्या बहिणीला.”

परतीच्या गाडीत मी साहेबांपुढे बोलायची वाक्ये मनात रचली. ती चांगली होती. दुसऱ्या दिवशी वही काखेत धरून मी आत गेलो आणि चूक झाली असल्याचे सांगितले. साहेबांनी माझेच सूचनापत्रक पुढे ओढले आणि सातवी सूचना मोठ्याने वाचली.

“हे कोणी लिहिलं?”

“मी, साहेब.”

“भाषा उत्तम आहे. मग पहिला अपवाद कोणासाठी करायचा? लिहिणाऱ्याच्या बहिणीसाठी?”

ते रागावलेले नव्हते. ते खरोखरच विचारत होते, असे मला आता वाटते. उत्तर देण्यासारखे होते. वही उघडून समोर ठेवण्यासारखी होती. मी म्हणालो, “नाही, साहेब,” आणि बाहेर आलो.

बडेबाबू दाराशीच होते. “वही दाखवली?”

मी नकारार्थी मान हलवली.

“तोंडात काय शेंगदाने भरले व्हते? जाय परत. आठ दिवस हायेत ना अजून!”

मधला रविवार सोडून मी आठही दिवस त्या दारावरून गेलो. रोज सकाळी ठरवून घरून निघत असे. एकदा तर पडद्याला हात लावला. आत कोणीतरी बसले होते, म्हणून परतलो. आठवा दिवस शनिवार होता. सोमवारी मी ताईला सारे सांगितले. ती सुपात ज्वारी पाखडत होती.

“म्हंजे आजोबानं लिहून ठेवलं, म्हनून आता खरं,” ती म्हणाली. “मी सांगतलं, तवा खोटं होतं.”

“ताई, मी अकोल्याला गेलो होतो.”

“साहेबाले वही दाखवली?”

“नाही.”

“काहून?”

तिने वाट पाहिली. माझ्या ओळखीतल्या कोणीही माझ्या उत्तराची एवढा वेळ वाट पाहिलेली नाही. मग तिने सूप पुन्हा उचलले.

पुढच्या उन्हाळ्यात ती तेल्हाऱ्याला गेली. तिथे दूरच्या आत्याच्या ओळखीने बालवाडीत मुले सांभाळण्याचे काम मिळाले. त्या कामाला वयाची अट नव्हती आणि शिक्षिका हा शब्दही नव्हता. मुलांना ती अक्षरे शिकवी, असे नंतर आत्याने सांगितले; पगार मात्र मुलांना घरून आणण्या-पोहोचवण्याचा होता. मी दोनदा तिला आणायला गेलो. दोन्ही वेळा तिने जेवू घातले, चौकशी केली आणि मोटारीची वेळ झाल्याची आठवण करून दिली.

पत्रे मात्र ती पाठवी. पोस्टकार्डावर, बारीक, नीटस अक्षरांत. कापूस कसा आहे, कोणत्या मुलाला गोवर निघाला, मी लग्न का करीत नाही. ‘चिरंजीव भाऊस अनेक आशीर्वाद’ असा मायना असे. फक्त कोपऱ्यात जिथे तारीख घालतात, ती जागा ती कोरी सोडत असे. एकाही पत्रावर तिने तारीख घातली नाही. मी कधी विचारले नाही, तिने कधी सांगितले नाही.

एकोणीसशे सत्तर साल उजाडण्यापूर्वीच ती तेल्हाऱ्याला, छातीच्या दुखण्याने गेली. मी पोहोचलो, तेव्हा सारे आटोपले होते. तिची पत्रे मी एका दोऱ्यात बांधून ठेवली होती; पत्रे येतच राहणार, या समजुतीने कोणते कधी आले, हे मात्र टिपले नव्हते. पोस्टाचे शिक्के अर्धवट उठलेले आहेत. अलीकडे मी ती क्रमाने लावण्याचा प्रयत्न करतो. एका कार्डात ती लिहिते, खोकला फार आहे, तरी येण्याची घाई करू नको. दुसऱ्यात लिहिते, आता बरे वाटते, जमल्यास येऊन जा. यांतले आधीचे कोणते, ते मला ठरवता येत नाही. ते बोलावणे नंतरचे असेल, तर तिने शेवटी बोलावले होते आणि मी गेलो नव्हतो.