पट्टा नव्हताच

दोघे भाऊ वेल्डर. थोरला अबोल, तर धाकट्याच्या तोंडाला विसावा म्हणून नाही. कामावर सगळे त्याला 'रेडिओ' म्हणत. शिडी चढतानाही त्याची टकळी चालूच असायची. मग थोरला तोंडावरचा मुखवटा वर करून म्हणायचा, "अरे, जरा बंद ठेव, खाली लोकांना झोप लागायला लागली."

त्या वर्षी एका गोदामाच्या छपराचं काम निघालं. एवढ्या उंचीवर कमरेला पट्टा बांधल्याशिवाय चढायचं नाही, असा नियम. पण बांधायला पट्टे तर हवेत! थोरला मागून मागून थकला. ठेकेदार म्हणायचा, "येतायत हो. तोवर जरा जपून." एका सकाळी दवानं ओल्या झालेल्या पत्र्यावरून थोरल्याचा पाय सटकला. धाकटा हाताच्या अंतरावर होता. त्यानं झडप घातली, भावाच्या सदऱ्याची बाही मुठीत आलीही, आणि टरकन फाटली.

ठेकेदार यांच्याच चर्चचा पंच. दफनाच्या वेळी प्रार्थना त्यानंच केली, तीही भरल्या गळ्यानं. धाकट्याला वाटलं, माणूस निदान हळहळतोय तरी.

चौकशी झाली तेव्हा गोदामाच्या भिंतीवर कोरे करकरीत पट्टे लटकत होते. ठेकेदार म्हणाला, "आम्ही दिले होते. त्यानंच बांधला नाही." बरोबरचे कामगार पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले.

"पट्टा नव्हताच, साहेब," धाकटा ओरडला. "पट्टे नंतर आणलेत!"

"तुम्ही भाऊ आहात. तुम्ही असंच म्हणणार," चौकशी करणारा म्हणाला. निकाल लागला: मृताचा स्वतःचा हलगर्जीपणा.

त्यानंतर धाकट्याला कुठल्याच ठेकेदारानं उभं केलं नाही. मग पाळकसाहेब घरी आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मनातली अढी काढून टाका. क्षमा करा. मंडळीत फूट पडायला नको."

"क्षमा आम्ही करायची," धाकटा म्हणाला, "मग त्यांनी काय करायचं, ते सांगितलंत का त्यांना?"

पाळकसाहेब चहा संपवून निघाले. रेडिओ त्या दिवसापासून बंद पडला. चर्चची पायरी त्यानं सोडली. घरात असला तरी आहे की नाही कळू नये, असा कोपऱ्यात बसून राहायचा.

वहिनी मात्र दर रविवारी जायची. दवाखान्याच्या धुलाईघरात आठवडाभर चादरींना इस्त्री करून तिचे हात पोळलेले असायचे, तरी ती धुतलेली साडी नेसून निघायचीच. एकदा त्याला राहवलं नाही.

"त्या माणसाच्या पाठीमागं बसून गाणं म्हणता तरी कसं, वहिनी?"

ती चपला घालता घालता थांबली. "मी काय त्याच्या घरी जाते, भावजी? पहिल्या बाकावर बसला म्हणून घर त्याचं होत नाही." मग जरा चिडूनच म्हणाली, "ज्याच्याकडे मी जाते ना, त्याच्यावरही खोटेच साक्षीदार उभे केले होते. मारणारे चांगले देवभीरू, मानाचे लोक होते. बरोबरचे पळून गेले. त्याला मला काही समजावून सांगावं लागत नाही. आणि तो मेलेल्यांतून उठला, म्हणून हेही उठतील. एवढ्यावर मी सकाळी अंथरूण सोडते. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर सांगा."

त्याला रागच आला. हिला सोपं आहे, असं वाटलं. आणि मग तिच्या हातांवरचे डाग दिसले, तसा तो वरमला.

कबरीवर ठेकेदार संगमरवर बसवून देणार होता. वहिनीनं नको म्हणून कळवलं. धाकट्यानं लोखंडी क्रूस जोडला आणि एकटाच जाऊन रोवला. माती चोपता चोपता इतक्या महिन्यांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. प्रार्थना कसली, भांडणच ते. "तू होतास ना तिथं? बघितलंस ना, पट्टा नव्हता? मग बोलत का नाहीस?"

आभाळातून आवाज वगैरे काही आला नाही. पण बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आज त्याला कुणी मध्येच तोडलं नव्हतं. जे घडलं ते एकानं पाहिलं होतं, आणि ते पाहिलेलं कुणाच्या सहीनं बदलणार नव्हतं. दादा त्या पाहणाऱ्याच्या हाती होता, हलगर्जी म्हणून नव्हे, दादा म्हणूनच. तो तिथंच मातीत बसून पोटभर रडला. दफनाच्या दिवशीही असा रडला नव्हता.

पुढच्या रविवारी तो वहिनीबरोबर गेला. उपासना संपल्यावर दारात ठेकेदारानं हात पुढं केला. आजूबाजूची बोलणी थांबली.

"आज नाही, साहेब," धाकटा हळूच म्हणाला. "आधी खरं बोला. त्या दिवशी मी स्वतः तुमच्या घरी येईन."

ठेकेदाराचा चेहरा उतरला, पण बोलला काही नाही. अजूनही बोललेला नाही. पहिल्या बाकावरच बसतो, आणि त्याला नवं मोठं काम मिळालंय. मंडळीतली निम्मी माणसं धाकट्याला टाळतात.

धाकटा आता एका लहान दुकानात खिडक्यांच्या जाळ्या जोडतो. ठेकेदारासाठी प्रार्थना करायला बसला की अजून दात आवळले जातात. तरी बसतो. दादा उठेल तेव्हा त्याला काय काय सांगायचं, ते काम करता करता पुटपुटत असतो. दुकानाचा मालक म्हणतो, "अरे, कुणाशी बोलतोस?"

"भावाशी," तो सांगतो, आणि मुखवटा खाली ओढतो.