वजन उतरल्याचा सत्कार

माझ्या धाकट्या जावेचा आम्ही ओळीने सहा रविवार खण-नारळ देऊन सत्कार केला, आणि ज्या गोष्टीसाठी केला ती तिला आतून संपवत होती. हे कळलं त्याला आता दीड वर्ष झालं. मला ते अजून पचलेलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

शेळगावजवळ आमचं पेरूचं रान आहे. दोन भावांचं एकत्र घर. मी थोरली सून, ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पेरू तोडायचं काम पुरुषांकडे. निवडणं, फोमची जाळी चढवणं आणि क्रेट भरणं बायकांकडे. घराला लागूनच पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही दोघी जावा आणि शेजारच्या पाच जणी कामाला बसतो. शेडमध्ये एक जुना टीव्ही आहे. दुपारची जेवणं झाली की तासभर तो चालू असतो.

त्या उन्हाळ्यात त्यावर वजन उतरवण्याचा कार्यक्रम लागायचा. शंभर-सव्वाशे किलोची माणसं एका बंगल्यात आणून ठेवलेली. त्यांना पळवायचे, टायर ओढायला लावायचे, आणि शिकवणारी बाई त्यांच्या तोंडावर ओरडायची. आठवड्याच्या शेवटी एकेकाला मोठ्या काट्यावर उभं करायचं. वजन कमी झालं की माणसं रडत एकमेकांच्या गळ्यात पडायची, नाही झालं तर सरळ घरी. आम्ही हे सगळं शेंगदाणे खात बघायचो. एखादा फारच धापा टाकायला लागला की आमच्यातली एक उठून चहा टाकायची, कारण तिला ते बघवायचं नाही.

बघून माणूस बदलतो का? बदलतो, पंधरा दिवस. आम्ही चहात साखरेऐवजी गूळ घालायला लागलो आणि त्यालाच पथ्य म्हणायला लागलो. संध्याकाळी सात जणी कालव्याच्या रस्त्याने फिरायला निघालो. आमचे चुलत सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, वाटेत दगडावर बसलेले असायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "पाय मोकळं करायला निघाला व्हय? मग दिसभर रानात काय पाय बांधून काम करता का काय?" चौथ्या दिवशी पाच जणी आल्या. दहाव्या दिवशी मी आणि जाऊ, दोघीच.

मग काट्याची कल्पना निघाली. ती माझी होती. शेडमध्ये क्रेट तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होताच. मी म्हटलं, टीव्हीतल्यासारखं दर रविवारी वजन करू, मी लिहून ठेवते. जिचं सगळ्यात जास्त उतरेल तिचा सत्कार. आमच्या भागात सत्काराशिवाय काही होत नाही. कुणी सोसायटीवर निवडून आलं, कुणाकडे नवा ट्रॅक्टर आला, पोरगं दहावी सुटलं, की आणा हार आणि नारळ. मग वजन उतरल्याचा का नको? सगळ्यांना ते एकदम पटलं.

जावेला सगळ्यात जास्त पटलं. ती पहिल्यापासून अंगाने भरलेली. दीर स्वतःच चारचौघांत सांगायचे की हिला मागे बसवायचं म्हणजे मोटारसायकलला दोन पंपवाल्यांकडून हवा भरावी लागते. सगळे हसायचे, तीही हसायची. मीही हसलेली आहे. चार वर्षांपासून तिला शुगर होती. इंदापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, सकाळ-संध्याकाळ. घरात तो काही मोठा विषय नव्हता. आमच्याकडे घराआड एकाला शुगर असते.

पहिल्या रविवारी सकाळी मी काटा चालू केला आणि एकेकीला उभं केलं. क्रेटवर लिहायच्या मार्करने पत्र्यावर सात वजनं लिहिली. जाऊ शहाऐंशी किलो चारशे ग्रॅम. पुढच्या रविवारी सकाळचे क्रेट तोलून झाल्यावर आम्ही पुन्हा काट्यावर चढलो, आणि आमचा विश्वासच बसेना. प्रत्येकीचं पावणेदोन-दोन किलो उतरलं होतं. जिने आदल्या दिवशी बारशाला जाऊन तीन पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या तिचंही. जावेचं तर पूर्ण चार किलो. त्या दिवशी शेडमध्ये जो आनंद झाला तो मी माझ्या मुलीच्या लग्नातही पाहिला नाही. जावेला खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, खण-नारळ दिला. आबा बाहेरून म्हणाले, "भाषण हु द्या की आता." तिने पदर सावरून खरंच दोन वाक्यं बोलून दाखवली.

त्यानंतर बाकीच्यांचं वजन अडकलं ते अडकलंच. टीव्हीतली बाईही सांगत होती की मध्येच वजन अडकतं, त्यामुळे कुणाला वाईट वाटलं नाही. जावेचं मात्र दर आठवड्याला उतरत गेलं. ती पाणी खूप प्यायला लागली. दोन लिटरची बाटली कायम हाताशी, दुपारपर्यंत तीनदा भरायची. टीव्हीवर पाणी प्या, पाणी प्या असं चाललेलंच होतं. मी बाकीच्यांना म्हणायचे, बघा, हिच्यासारखं ऐकायला शिका. ती सारखी उठून बाहेर जायची. बसल्या जागी डुलक्या घ्यायची. आम्ही म्हणायचो, पोटात अन्न कमी जातंय, थकणारच. एकदा तिने भरलेल्या क्रेटमध्ये माशीने डंख केलेली चांगली दहा-बारा फळं निघाली. वीस वर्षं पेरू निवडणाऱ्या बाईला डाग दिसू नये? मी तिला सगळ्यांसमोर झापलं. लक्ष कुठं हाय तुझं, म्हटलं. डोळ्यांना अंधुक दिसतं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

सहाव्या सत्कारानंतरच्या गुरुवारी ती क्रेटच्या थप्पीला टेकून बसली ती उठेना. हाक मारली तर भलतंच उत्तर दिलं. श्वास जोरात चाललेला, जीभ कोरडी ठक्क. मी आबांचं शुगर तपासायचं यंत्र आणलं आणि तिच्या बोटाचं रक्त घेतलं. यंत्रावर आकडा आला नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसरी पट्टी लावली, पुन्हा तीच दोन अक्षरं. मग मी माझ्या बोटाला टोचून पाहिलं. माझा आकडा आला, एकशे आठ. यंत्र चांगलं होतं. पेरूच्या पिकअपमध्ये तिला घातलं आणि बारामती गाठली.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने आधी सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं, आणि मग मला बाजूला घेतलं. ती अक्षरं म्हणजे शुगर यंत्राच्या मोजण्यापलीकडे गेली, असं तिने सांगितलं. आणखी अर्धा दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं, तेही सांगितलं. मग प्रश्न विचारायला लागली. तहान कधीपासून, लघवी कधीपासून. वजन कमी झालं होतं का?

मी म्हटलं, सहा आठवड्यांत जवळजवळ अकरा किलो. आणि खरं सांगते, तेव्हाही माझ्या आवाजात थोडा अभिमान होता.

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. "हे वजन कुणी केलं?"

"मीच. दर रविवारी."

"अकरा किलो उतरलं आणि तुम्हाला कुणालाच काही वाटलं नाही?"

"आम्ही तिचा सत्कार केला," मी म्हटलं.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिने मान खाली घातली आणि पुढचं लिहायला लागली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर एक काटा होता. रिकामी बसले होते म्हणून मी त्यावर उभी राहिले. माझं वजन आमच्या पत्र्यावरच्या वजनापेक्षा जवळजवळ दोन किलोंनी जास्त. मी नर्सला म्हटलं, तुमचा काटा चुकतोय. ती म्हणाली, कालच तपासून गेलेत. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही क्रेट तोलताना आधी रिकामा क्रेट ठेवतो आणि काटा शून्यावर आणतो, म्हणजे नुसत्या मालाचं वजन दिसतं. पहिल्या रविवारी काटा नुकताच चालू केला होता, म्हणून खरं वजन दिसलं. पुढचे सगळे रविवार आम्ही क्रेट तोलून झाल्यावर काट्यावर चढलो. आमचा रिकामा क्रेट एक किलो आठशे ग्रॅमचा. ते एक किलो आठशे दर वेळी प्रत्येकीच्या वजनातून वजा होत होते. रोज त्याच काट्याने माल पाठवणाऱ्या सात बायका, आणि एकीच्याही लक्षात आलं नाही. लक्षात येऊ द्यायचंच नव्हतं, असं आता वाटतं.

तिथल्या बाकावर बसून मी बोटांवर हिशोब केला. सहा जणींचं वजन एक ग्रॅमही उतरलं नव्हतं. कार्यक्रम बघून, गुळाचा चहा पिऊन, सहा रविवार टाळ्या वाजवून आम्ही जिथल्या तिथे होतो. सातवीचं मात्र खरोखरच नऊ किलो उतरलं होतं, आणि ते कार्यक्रमाने उतरवलेलं नव्हतं.

डॉक्टर सारखी विचारत होती की गोळ्या घेत होती का. जाऊ म्हणायची, व्हय, रोज. संध्याकाळी तिचे कपडे आणायला मी घरी आले. कपाटात मिळालेल्या खणांच्या घड्या होत्या, सहाच्या सहा, एकही शिवायला दिलेला नव्हता. त्या उचलल्या तर खाली गोळ्यांची पाकिटं. एकही फोडलेलं नाही. मी ती पिशवीत घातली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने परत गेले.

ती उठून बसली होती, दशमी खात होती. मी पाकिटं तिच्या मांडीवर ठेवली. मला वाटलं होतं, विसरले म्हणेल, किंवा वजन उतरलं म्हणजे शुगर गेली असं वाटलं म्हणेल. तसं बोलणारी माणसं मी गावात पाहिली आहेत आणि तसंच उत्तर मी मनात धरून गेले होते.

ती शांतपणे म्हणाली, "पयल्या आठवड्यात गोळ्या संपल्या हुत्या, अक्का. इंदापूरला जायला कुणाला सवड न्हवती. आठ दिस गोळी न्हाय, आन चार किलो उतरलं. गोळ्या आल्या तवर मला कळलं हुतं."

"काय कळलं?"

"गोळी न्हाय घेतली की उतरतंय."

मी विचारलं, तहान लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हतं, तेव्हा भीती वाटली नाही का. वाटली, म्हणाली. हे शुगरमुळं होतंय हे माहीत होतं का? माहीत होतं, म्हणाली. डॉक्टरनं चार वर्षांपूर्वीच सगळं सांगितलं होतं, तीच लक्षणं. ही बाई अडाणी नव्हती, फसलेली नव्हती. तिला सगळं ठाऊक होतं.

"मग कुठवर न्हेणार हुतीस हे?"

"कार्यक्रम संपस्तोवर. तीनच आठवडं राहिलं हुतं." तिने दशमीचा तुकडा खाली ठेवला. "बावीस वर्सं झाली मला या घरात येऊन. माझा नंबर कशात पयला आलाय, तुमीच सांगा."

मी आठवायला लागले. खरंच आठवायला लागले, स्वयंपाक, रान, पोरं, माल. काही सांगता आलं नाही. चार माणसांत तिला खुर्चीवर बसवून तिच्याबद्दल कुणी चांगलं बोललं, ते त्या सहा रविवारीच. आणि ते मी घडवून आणलं होतं, पत्र्यावर आकडे लिहून.

चार दिवसांनी तिला घरी सोडलं. शेडमधल्या बायकांना मी रिकाम्या क्रेटचं सांगितलं. दोघींनी मानलंच नाही. ब्लाऊज सैल झालाय म्हणाल्या. पत्र्यावरचे आकडे मी रॉकेलने पुसले. दिरांना एकटं गाठून मोटारसायकलची ती थट्टा बंद करायला सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

औषधं सुरू झाल्यावर तिचं वजन परत चढलं. सात किलो आलं आहे. डॉक्टर म्हणते हे चांगलं लक्षण. तिला ते चांगलं वाटत नाही, हे मला दिसतं. ती पूर्वीसारखी बोलते, काम करते, डागी फळ तिच्या हातून आता सुटत नाही. पण तिने एकदा माहीत असून लपवलं होतं, तेव्हा तिच्या शब्दावर मी हे सोडू शकत नाही. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर उभी राहते. ती गोळी टाकते, पाणी पिते, आणि मी काही म्हणायच्या आत आ करून जीभ वर उचलून दाखवते. त्यात थट्टा असते की राग, हे मी विचारत नाही. गोळी गेलेली असते, तेवढं बघते आणि कामाला लागते.