बेचाळीस क्रमांकाचे दार

पदव्या दोन आणि नोकरी पहिलीच, तीही पस्तिसाव्या वर्षी, अशा अवस्थेत मी मेडशीजवळच्या एका गावी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो. पिनकोड नुकताच आला होता. घरांनाही क्रमांक द्यावेत, असे पंचायतीच्या मनात आले आणि सभा भरली. सरपंचांना पहिला क्रमांक स्वतःच्या घराला हवा होता. एक पंच मारुतीच्या पारापासून मोजा म्हणत होते. तिसऱ्यांचा सारा जीव रंगाच्या डब्याच्या खर्चात अडकला होता. क्रमांक मुळात कशासाठी हवेत, हे मात्र कुणी विचारत नव्हते. तो प्रश्न मी वहीत लिहून त्याखाली रेघही ओढली होती. बोलण्यासाठी दोनदा घसा खाकरला. सरपंचांनी पाण्याचा गडवा पुढे केला. मी पाणी प्यालो आणि वही मिटली.

दारांवर डांबराने आकडे घालावेत, असा ठराव झाला. अक्षर बरे म्हणून ते मीच काढले.

बौद्धवस्तीतल्या एका मुलीने नर्सच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. तिच्याच नावा-आडनावाच्या गावात आणखी दोघी होत्या. म्हणून अर्जावर ‘घर क्रमांक बेचाळीस’ लिहायला मीच सांगितले. त्या सल्ल्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता, हे कबूल करतो.

एके सकाळी ती कार्यालयात आली.

“सायेब, कामरगावच्या माह्या मैतरणीले पत्र आलं. परवा अकोल्याले मुलाखत हाये. पत्र दाखवल्याबिगर आत घेत नाहीत. माहं काहून नाही आलं?”

मेडशीहून सायकलवर टपाल आणणारे मामा तेवढ्यात आलेच. “तुहं पत्र त मी कवाच टाकलं व बाई. बेचाळीस नंबरले. कुलूप होतं, दाराखालून सरकवलं.”

“मामा, आमच्या घराले कुलूप कवा असते?”

“पयले मी इचारून पत्र देत होतो. नंबर आले, तवापासून इचारनं बंद केलं.”

दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

माझ्या सुबक अक्षरातला बेचाळीस गावाच्या दुसऱ्या टोकाला सापडला. दिवाळीनंतर मुलीचे वडील आणि काका वेगळे झाले होते. वाटणीत बैल थोरल्याकडे आले, सागवानी दार धाकट्याकडे गेले. मुलीच्या घराला आता बांबूचा तट्ट्या होता, आणि दार काकाच्या नव्या घराला. वाटणीत दारेही जातात, हे अख्ख्या गावाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त मला. काका तर सहकुटुंब ऊसतोडीला गेलेला.

कुलूप तोडायला लेखी परवानगी कुणाची घ्यावी, याचा मी गंभीरपणे विचार करू लागलो. तोवर सरपंच आले.

“कुलूप कायले तोडता सायेब? दारच उचला ना! काकानं बी असंच त नेलं.”

कुलपासकट दोन्ही फळ्या मामांनी आणि सरपंचांनी चौकटीतून उचलून धरल्या. पत्र आत जमिनीवर पडले होते; एक कोपरा वाळवीने खाल्लेला, तारीख मात्र शाबूत. मी पंचनाम्यासाठी कागद काढला.

“पंचनामा मंग लिवा, सायेब,” मुलगी हसत म्हणाली, “आंदी दार धरा. मामांचा हात भरून आला.”

मी दार धरले.

दुसऱ्या दिवशी एसटीची वाट पाहताना तिने विचारले, “निवड झाली, त पत्र इथंच येईन. तिथं पत्ता इचारला, त कोनता देऊ?”

या खेपेला घसा खाकरावा लागला नाही. “तुला नेमके काय हवे आहे?”

“पत्र माह्या आईच्या हातात पडावं.”

“मग तेच लिही.”

तिने तेच लिहिले: आईचे नाव, बौद्धवस्ती, ‘तिच्याच हाती द्यावे’. निवडीचे पत्र पंधरवड्यात आले. आईचे घर मामांना आता चांगलेच माहीत होते. तरीही ते गावभर विचारत गेले आणि वाटेत तीन ठिकाणी चहा घेतला. पत्र आईच्या हातात पडण्याआधीच निवडीची बातमी साऱ्या गावाला कळली होती.