पिंजऱ्यातला वाघ तोच का?

परवा नारायण पेठेत पाण्याचा जार पोचवायला गेलो आणि तिथेच अडकलो. हडपसरहून मालक फोनवर ओरडतोय, टेम्पो खाली गल्ली अडवून उभा... आणि मी वर वाघाचे पट्टे बघत बसलोय.

आधी घरचं सांगतो. आमचं गाव चंद्रपूरकडे, जंगलाला अगदी चिकटून. मी आठवीत शाळा सोडली, त्यानंतर कुठेच फार टिकलो नाही, सध्या पुण्यात जार वाटतो. बाबा गावची ढोरं चारतात. गेल्या महिन्यात त्यांच्या सोबतच्या गुराख्याला वाघाने नेलं... बाबा हाकेच्या अंतरावर होते.

मग वनखात्याने तिथे कॅमेरे लावले, पिंजरा लावला आणि एक वाघ पकडला. बाबा म्हणाले, झालं, सोमवारपासून ढोरं घेऊन जातो.

पण गावच्या ग्रुपवर माझ्या चुलतभावाने, पंक्याने, दोन फोटो टाकले. एक त्या जागी लावलेल्या कॅमेऱ्यातला, एक पिंजऱ्यातला. पट्ट्यांवर लाल गोल काढलेले आणि खाली लिहिलेलं, "वाघ बदलला. खरा मोकळाच हाये." मीही मोठं करून पाहिलं. पट्टे खरंच वेगळे होते! लोकांची तोंडं बंद करायला कुठला तरी वाघ धरून आणला, अशी माझी खात्रीच झाली.

बाबांना फोन केला, जाऊ नका म्हणालो. तर म्हणतात, "तू तिकडं पाणी वाटतं ना बे? मंग वाट. ढोरं काय मोबाईल खातेत?"

आता ते नारायण पेठेतलं ऑफिस. दुसरा मजला, भिंतभर वाघांचे फोटो, प्रत्येकाखाली नंबर. मृणाल मॅडम तिथे दिवसभर कॉम्प्युटरवर पट्टे बघून कुठला वाघ कुठला ते जुळवत बसतात. माझा त्या ऑफिसवर पहिल्यापासून संशय... जंगल आमच्याकडे आणि वाघांचं ऑफिस इकडे पेठेत कशाला? ही माणसं वाघाच्या बाजूची, हे मी ठरवूनच टाकलं होतं. मॅडम आजवर माझ्याशी एकच वाक्य बोलल्या होत्या, "अहो, जार हळू ठेवा, खाली माणसं राहतात."

तरी परवा मोबाईल पुढे केलाच. काय झालं ते थोडक्यात सांगितलं. त्यांनी फोटो पाहिले, चष्मा वर सरकवला... "यावरून काहीच सांगता येणार नाही."

वाटलंच होतं मला! म्हटलं, "मॅडम, आम्हालाही डोळे आहेत. पट्टे वेगळे दिसतात."

"दिसणारच. एका फोटोत डावी बाजू आहे, दुसऱ्यात उजवी. वाघाचं तोंड कुठे आहे, एवढं तरी ग्रुपवर कोणी बघितलं का?"

आता बघितलं. एकात तोंड इकडे, दुसऱ्यात तिकडे. वाघाच्या दोन अंगांवरचे पट्टे सारखे नसतातच म्हणे... मला ती पळवाट वाटली. मग त्यांनी स्क्रीनवर दोन फोटो लावले. पायवाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे आणि मधून जाणारा एकच वाघ, एकाच क्षणी टिपलेला. मी पैजेवर सांगितलं असतं, दोन वाघ आहेत.

"पिंजऱ्यातल्या वाघाची डावी बाजू मिळेल का?"

पंक्याला फोन केला. "कोण बाई हाये ते? फॉरेस्ट डिपार्टमेंटची असन!" असं म्हणाला, पण व्हिडिओ पाठवला. पिंजऱ्यात वाघ गरगर फिरतोय. मॅडमनी डावी बाजू दिसली तिथे व्हिडिओ थांबवला आणि खुर्ची माझ्याकडे ढकलली. "मी सांगितलेलं तुम्हाला पटणार नाही. तुम्हीच जुळवा."

मागच्या मांडीवर एक पट्टा दुभंगून परत जुळला होता, मधे बदामाच्या आकाराची जागा. कॅमेऱ्यातल्या फोटोत तस्साच. मग बरगड्यांवरचे बघितले... एकेक करून सगळे जुळले. तोच वाघ!

छातीवरचं ओझं उतरलं. बाबांना फोन लावणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. जा म्हणून सांगणार आहात का त्यांना?"

"मग? धरला ना तोच?"

"एका वाघाची जागा मोकळी झाली की तिथे बहुतेक वेळा दुसरा येतो. कधी, ते सांगता येत नाही. एकट्याने जाऊ देऊ नका."

डोकंच फिरलं. "मग धरून उपयोग काय?"

"हा परत कोणाला नेणार नाही, एवढाच," त्या म्हणाल्या.

जिन्यात उभा राहून बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, परत मोबाईलचा टोमणा मारतील. पण ते म्हणाले, "वाघ तोच हाये म्हणते, अन् तरी एकटा जाऊ नको म्हणते? कोणाच्याच सोयीचं नाई बोलली ते बाई. मंग खरं असन."

डाव्या बाजूचे दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, तोच वाघ. लगेच पहिली कमेंट आली, "पुण्यात राहून डिपार्टमेंटचा झाला काय बे?" राग आला नाही... आदल्या दिवशी मीच हे लिहिलं असतं.

आज सोमवार. बाबा चौघांना सोबत घेऊन गेले आणि जंगलात न शिरता शिवारातच थांबले. दिवसभर जार उतरवताना माझं लक्ष मोबाईलकडे. उन्हं कलता कलता फोन आला, "आलो बे. सारे आलो. ढोरं बी आली."

मृणाल मॅडम, तुम्ही हे वाचणार नाही, तरी थँक्यू. माणसं तुमच्या ऑफिसखाली राहतात तशी तिकडे जंगलाजवळही राहतात, हे तुम्हाला माहीत होतं... उद्याचा जार एकदम हळू ठेवतो.