कुमुदताईंचं फाटक

कुमुदताई लेले यांना मी प्रथम पाहिलं ते मुलांच्या निरीक्षणगृहात. परिवीक्षा अधिकारी म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. ताई महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत आणि दर शनिवारी, गुन्ह्यात सापडलेल्या मुलांशी बोलायला आमच्याकडे येत. मोठ्या ऐटीत मी माझा पहिला अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. मुलगा हट्टी, उद्धट, बेफिकीर व कोणाचेही न ऐकणारा आहे, असं त्यात होतं. ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो पाटील, हे तर आमच्या यजमानांचं वर्णन झालं. या मुलाने काय केलं ते कुठंय?"

तेव्हापासून आजतागायत मी हेच ऐकत आलो आहे. 'पोर कसं आहे ते राहू द्या, त्याने काय केलं ते सांगा.' स्वभावाच्या चाचण्या ताई स्वतः घेत, विद्यार्थ्यांना शिकवतही. पण चाचणीत मुलगा धाडसी निघाला म्हणून कोणी काळजीने मान हलवली की त्या चिडत. "त्याच धाडसावर त्याचा बाप खवळलेल्या पाण्यात होडी घालतो. तेव्हा कौतुक करता ना?" अख्ख्या गावाने पोराला एकच नाव चिकटवलं की पोरगं त्या नावासारखं वागू लागतं, ही त्यांची खरी काळजी.

हा नियम त्यांनी मलाही लावला. माझा मुलगा आठवीत असताना मी त्यांच्यापाशी रडगाणं गायलो, की पोरगा खोटारडा झालाय. "काय खोटं बोलला?" शाळेत जातो सांगून नदीवर बसतो. "कुठल्या वारी?" मी बोटांवर वार मोजू लागलो. पुढचे दोन रविवार ताई माणगावला आमच्या घरी आल्या, त्याच्याबरोबर आंबोळ्या खाल्ल्या, आणि तो गणिताच्या तासाला घाबरतो हे शोधून काढलं. माझ्या घरातली गोष्ट मला बाहेरच्या माणसाने सांगितली. पुढे वर्षभर त्याचं गणितही त्यांनीच घेतलं, आणि फीचं नाव काढल्यावर माझ्यावर डोळे वटारले.

पण ताई म्हटलं की मला आठवतो रुपेश. म्हसळ्याच्या पुढच्या एका किनारी गावातला, दहावीतला मुलगा. आपल्याकडे शिमग्याला होळीसाठी लाकूड चोरायचा पोरांना मानच असतो. मालकाने सकाळी दोन शिव्या हासडायच्या, बोंब मारायची आणि संध्याकाळी होळीला नारळ घेऊन यायचं. त्या वर्षी बाहेरून येऊन गावात नवा बंगला बांधलेल्या पाहुण्यांचा सागवानी बाक होळीत गेला. त्यांना बिचाऱ्यांना ही रीत कुठली ठाऊक! त्यांनी पोलिसांत तक्रार केली. गावाने एकच नाव पुढे केलं, रुपेशचं. आधी दोन मारामाऱ्या केलेल्या, मास्तरांना उलट बोललेला. नाव पडलं कानफाट्या! परीक्षा तोंडावर आली होती, आणि त्याला घरी सोडायचं की निरीक्षणगृहात ठेवायचं हे ताईंच्या अहवालावर ठरणार होतं.

ताईंचं माहेर त्याच गावातलं. त्या थेट तिथे गेल्या. मी सोबत होतो. देवळापुढे माणसं जमली. बाळूदादा म्हणून गावचे जाणते गृहस्थ, तेच बोलू लागले. "ताई, तो पोरगा पहिल्यापासून तसाच हाय."

"कसा आहे ते नको, बाळूदादा. बाक उचलायला किती जण लागले?"

गर्दीतली पोरं मागे सरकली.

"बरं, लहानपणी आमच्या वाडीचं फाटक होळीत कोणी टाकलं होतं?"

बाळूदादांनी डोकं खाजवलं. "मीच की, ताई."

"मग तुम्हाला कोणी चोर म्हटलं?"

"न्हाय. तुमच्या बापाने शिव्या घातल्या आन् पुरणपोळीबी घातली."

आधी बायका हसल्या, मग सगळेच. गर्दीतून एकेक करत बाकीची पोरं पुढे आली. त्यांनीच सुताराच्या हाताखाली राबून नवा बाक केला, पाहुण्यांनी तक्रार मागे घेतली, रुपेश परीक्षेला बसला आणि पास झाला. आम्ही कार्यालयात पेढे वाटले.

ताईंनी पेढा घेतला नाही. "पाटील, पोरगा सुधारला नाहीये, भ्यालाय," म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. रुपेशने आयटीआय केलं, नोकरी धरली, मारामाऱ्या सुटल्या. पण शिमगा आला की तो घराबाहेर पडत नसे. लग्न झालं, मुलगा झाला, तरी नाही. कोणाच्या लाकडाला हात लावला तर पुन्हा 'चोर' हा शब्द कानी पडेल, ही धास्ती. त्याची बदली श्रीवर्धनला झाली आणि तो ताईंच्याच आळीत राहायला आला, तेव्हापासून दर शिमग्याला ताई एक जुनं लाकूड कुंपणाला मुद्दाम टेकवून ठेवत. ते तसंच राहायचं. "माझं हे काम अर्धं राहिलं हो," असं त्या दर वर्षी ते लाकूड आत नेताना म्हणायच्या.

यंदा होळीच्या सकाळी मी याच गौरवग्रंथासाठी फोटो मागायला त्यांच्याकडे गेलो. पाहतो तर अंगणात ताई उभ्या, तोंडावर हात मारून बोंब मारताहेत! "मेल्यांनो, माझं फाटक कुठंय!" कुंपणाचं लाकूड जागेवर होतं, फाटकच गायब. तेवढ्यात खांद्यावर कोरं फाटक घेऊन रुपेश आला, मागून त्याचा मुलगा बिजागऱ्या घेऊन.

"ताई, जुनं कुजलं होतं. होळीला नेलं."

"चोरा!" ताई ओरडल्या. "मेल्या, चोर आहेस नुसता!"

आणि रुपेश हसला. पोट धरधरून हसला. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या पुरणपोळी आणायला आत गेल्या.

ताई, तुम्ही कशा आहात ते लिहायचं नाही अशी तुमची ताकीद होती, म्हणून काय केलंत तेवढंच लिहिलं. आज तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, आवाज असाच खणखणीत राहो. तुमची शंभरी होईपर्यंत दर शिमग्याला तुमचं फाटक चोरीला जावो, आणि शिव्या खायला रुपेशच्या मागे आम्हालाही रांगेत उभं राहायला मिळो.